घोट्याचं टेंडन दुखावलं तर एक्स-रे, सोनोग्राफी की एमआरआय? पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्या नागपूरकरांसाठी

रेशीमबागच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर मारणारी पोरं, अंबाझरी फुटाळ्याला चालणारे धावणारे, रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट, नवरात्रात गरबा आणि पायाखाली आपले सिमेंटचे रस्ते, म्हणजे घोटा दुखावायला नागपुरात कारणं शोधावी लागत नाहीत. मी फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या हातात आधीच एमआरआयची भलीमोठी पिशवी असते, आणि "नेमकं कुठे दुखून राहिलं, एका बोटाने दाखवा" म्हटलं की ते पहिल्यांदाच विचार करतात, कारण तोवर हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. मग रिपोर्टमध्ये आठ ओळींचे दोष निघतात आणि त्यातला कोणता दोष दुखतोय हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून हे सगळं लिहून राहिले. मशीन कोणतंही असो, ते आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं, तेव्हा आधी प्रश्न नीट ठरवायचा, मग पैसे भरायचे.

एक सांगून ठेवते, हे वाचून घरी बसून निदान करायचं नाहीये. डॉक्टरकडे जायचंच आहे, फक्त काय सांगायचं, काय विचारायचं आणि कोणती तपासणी कशासाठी असते हे माहीत असलं की पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

पहिलं काम: दागिने काढा, बोट ठेवा

पाय मुरगळला की सगळ्यात आधी त्या पायातली जोडवी आणि पैंजण काढून टाका, सूज चढली की ती निघत नाहीत आणि मग कापावी लागतात. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा. आणि कृपा करून नस बसवून देणाऱ्याकडे जाऊन पाय ओढून घेऊ नका. तेल लावून जोरात चोळणं, झटका देऊन "कट्ट" आवाज काढणं, याने अर्धवट फाटलेलं टेंडन पूर्ण फाटू शकतं, फ्रॅक्चर असेल तर ते सरकू शकतं.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पांढरा भाग, आणि लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा. मुरगळल्यावर बहुतेक वेळा लिगामेंट दुखावतं, टेंडन कमी वेळा, पण दोघांची सूज वरून सारखीच दिसते आणि म्हणूनच टेंडनची इजा "मोच आहे, होईल बरी" म्हणून मागे राहून जाते.

आता बोट कुठे जातंय ते पहा. टाचेच्या वर मागच्या बाजूला, जिथे जाड दोरासारखं हाताला लागतं, ते अकिलीस टेंडन. बाहेरच्या घोट्याच्या मागून खाली करंगळीच्या दिशेने दुखत असेल तर पेरोनियल टेंडन, ती दोन असतात. आतल्या घोट्याच्या मागून पायाच्या कमानीकडे दुखत असेल तर टिबियालिस पोस्टिरियर, आणि त्याच्याच मागून बोटांकडे आणि अंगठ्याकडे जाणारी अजून दोन. पुढून, बुटाची लेस बांधतो तिथे दुखत असेल तर टिबियालिस अँटिरियर किंवा बोटं वर उचलणारी टेंडन. ही जागा पेनाने खूण करून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वेडेपणा वाटेल पण तपासणीच्या खोलीत आडवं झाल्यावर नेमकी जागा सांगता येत नाही, आणि सूज उतरल्यावर तर मुळीच नाही.

सोबत अजून काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगायच्या: इजा एका झटक्यात झाली की हळूहळू दुखणं वाढत गेलं, आवाज आला का, शुगर आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिकचा कोर्स झाला का. हे शेवटचं लोकांना फालतू वाटतं, पण या गटातल्या औषधांनी टेंडन कमजोर होऊन फाटू शकतं, अमेरिकेत औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएने २००८ साली यांच्या माहितीपत्रकात त्यासाठी सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

मागून कोणीतरी लाथ मारली असं वाटलं तर

हे वेगळं लिहिते कारण यात उशीर परवडत नाही. खेळताना पाय उचलायला गेलो आणि मागून कोणीतरी पायावर मारलं असं वाटलं, वळून पाहिलं तर कोणीच नाही, असं कोणी सांगितलं की अकिलीस फाटलं असं समजूनच चालायचं जोपर्यंत डॉक्टर तपासून नाही म्हणत नाहीत. बहुतेकदा तिशी ते पन्नाशीतले, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी जोरात खेळणारे यात सापडतात. डॉक्टर पालथं झोपवून, पाय टेबलाच्या बाहेर लोंबते ठेवून पोटरी दाबतात, चांगल्या पायात पोटरी दाबली की पंजा आपोआप खाली जातो, फाटलेल्या पायात हलत नाही. थॉम्पसन टेस्ट म्हणतात याला.

फसवणारी गोष्ट ही की अकिलीस पूर्ण फाटूनही माणूस पंजा थोडा खाली ढकलू शकतो, लंगडत चालूही शकतो, कारण बाकीची टेंडन ते काम ओढून नेतात. मग घरचे म्हणतात पाय तर हलवून राहिला, काही नाही झालं. चार आठवडे असेच गेले की फाटलेली टोकं दूर जातात, मधे जखमेच्या व्रणासारखा भाग भरतो आणि मग साध्या प्लॅस्टरने किंवा छोट्या ऑपरेशनने होणारं काम मोठं होऊन बसतं. त्यामुळे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ऑर्थोपेडिकला दाखवा, तोवर बोटं खालच्या दिशेला राहतील असा पाय बांधून ठेवा आणि त्या पायावर वजन देऊ नका. हे निदान हाताने तपासूनच होतं, सोनोग्राफी किंवा एमआरआय ते पक्कं करायला आणि दोन टोकांमधलं अंतर मोजायला असते, एमआरआयचा नंबर आठवड्याने आहे म्हणून उपचार आठवडाभर थांबवायचे नसतात.

एक्स-रे: कधी हवा, कधी नको

टेंडन एक्स-रेत दिसत नाही, मग काढायचा कशाला? हाड तपासायला. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक साधा नियम दिला जो आज जगभर वापरतात. घोट्याच्या भागात दुखतंय आणि सोबत यातलं एक जरी असेल तर एक्स-रे काढायचा: आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला (खालच्या टोकापासून वर ६ सेमीपर्यंत) किंवा टोकावर दाबल्यावर दुखतं, किंवा इजेनंतर लगेच आणि दवाखान्यात तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या मागचं हाड आणि आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हाड दाबून पाहायचं. हे काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. शुगरच्या पेशंटला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका, पायाची संवेदना कमी असते, दुखत नाही पण पाय गरम आणि सुजलेला असतो, तिथे एक्स-रे काढलेलाच बरा.

आता जाणकार माणूस एक्स-रेतूनही टेंडनबद्दल बरंच काही काढतो. अकिलीसच्या पुढे चरबीचा एक काळा त्रिकोण असतो, तो धुरकट झाला की मागे काहीतरी घडलंय. बाहेरच्या घोट्याशेजारी हाडाची बारीकशी कपची दिसली तर पेरोनियल टेंडनला जागेवर धरून ठेवणारा पट्टा हाडासकट उखडला असू शकतो, आणि ही कपची इतकी छोटी असते की सांगितलं नाही तर नजरेतून सुटते. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "अँकल एक्स-रे" असण्यापेक्षा "बाहेरून मागे दुखतं, टेंडन सरकल्याचा संशय" एवढं लिहून घ्या.

आतल्या बाजूला दुखतंय आणि कमान बसत चालली आहे, चप्पल एका बाजूने झिजून राहिली आहे, हे चाळिशी पन्नाशीच्या बायकांमध्ये जास्त, अशा वेळी एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत कमान छान दिसते आणि आजार लपून जातो. टेक्निशियनला स्वतः सांगायला लाजू नका. आणि रेडिएशनची भीती असेल तर, घोट्याच्या एक्स-रेचा डोस इतका कमी असतो की काही तासांत निसर्गातून आपल्याला तेवढं मिळतंच, फक्त गरोदर असाल तर आधी सांगायचं.

सोनोग्राफी: माझ्या मते टेंडनसाठी पहिली निवड

सोनोग्राफी म्हटलं की लोकांना पोटाची नाहीतर गरोदरपणाचीच आठवते. पण टेंडन कातडीच्या लगेच खाली असतात, आणि वरवरच्या गोष्टी पाहायला जास्त फ्रिक्वेन्सीचा सपाट प्रोब (कातडीवर फिरवतात तो भाग), साधारण १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या वरचा, इतका बारीक तपशील दाखवतो की टेंडनचे एकेक धागे ओळीने दिसतात. स्वस्त पडते, रेडिएशन नाही, शरीरात पेसमेकर असला तरी चालते.

पण खरी ताकद वेगळीच आहे, ती म्हणजे पाय हलवता येतो. पेरोनियल टेंडन घोट्यावरून सरकतं अशी तक्रार असलेल्या पोराचा एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो, कारण एमआरआयमध्ये पाय स्थिर असतो आणि टेंडन त्या वेळी जागेवर बसलेलं असतं. सोनोग्राफी करताना डॉक्टर पंजा वर आणि बाहेर वळवायला सांगतात आणि स्क्रीनवर टेंडन हाडाच्या कडेवरून उडी मारताना दिसतं. अकिलीसमध्येही तसंच, पंजा वरखाली केला की फाटलेली टोकं एकत्र येतात की दूरच राहतात हे दिसतं, आणि ऑपरेशन करायचं की घोटा धरून ठेवणारा खास बूट घालून भागेल या निर्णयात त्याचा उपयोग होतो. म्हणून सोनोग्राफी करताना शांत पडून राहू नका, ज्या हालचालीत दुखतं ती करून दाखवतो म्हणून सांगा. दुसऱ्या पायाचीही तुलना करायला सांगा. अकिलीसची जाडी पुढून मागे साधारण ६ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, पण तुमच्या चांगल्या पायाशी ताडून पाहणं हेच सगळ्यात भरवशाचं.

अडचण एकच आणि ती मोठी आहे, सगळं करणाऱ्याच्या हातावर असतं. प्रोब थोडा तिरका धरला तरी चांगलं टेंडन काळं दिसतं आणि फाटल्यासारखं वाटतं, घोट्याभोवती टेंडन वळतात तिथे तर हे हमखास होतं, प्रोब सरळ करून पुन्हा पाहिलं की काळेपणा निघून जातो. ज्याला सवय आहे त्याला हे माहीत असतं. तेव्हा धंतोली, रामदासपेठेत सेंटर रांगेने आहेत पण फोन करून आधी विचारा (एमएसके म्हणजे स्नायू, हाडं आणि सांध्यांची): "एमएसके सोनोग्राफी होते का, घोट्याच्या टेंडनची, आणि ती करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात?" समोरचा गोंधळला आणि "हो हो सगळं होतं, या" म्हणाला तर दुसरीकडे फोन लावा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडून येणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे की हा फोन केल्याशिवाय बसमध्ये बसू नका.

पोटरी सुजली असेल तर त्याच बैठकीत पोटरीच्या शिरांचा डॉप्लरही (रक्त नीट वाहतंय का हे पाहणारी सोनोग्राफी) करायचा का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. प्लॅस्टरमध्ये पाय असलेल्या माणसाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि त्याचं दुखणं टेंडनसारखंच वाटतं. अशा वेळी दम लागला, छातीत दुखलं तर सोनोग्राफी नाही, थेट इमर्जन्सी.

एमआरआय: कोणासाठी

सोनोग्राफीत नीट उत्तर मिळालं नाही, टेंडनसोबत सांध्यातल्या हाडाला किंवा कूर्चेलाही मार आहे असा संशय आहे, सहा आठवडे झाले उपचार करून तरी दुखणं हलत नाही, किंवा सर्जन ऑपरेशन करायच्या विचारात आहेत आणि त्यांना पूर्ण नकाशा हवाय, अशा वेळी एमआरआय. हाडाच्या आतली सूज, घोट्याच्या सांध्यातल्या टॅलस हाडाच्या कूर्चेची इजा, खोलवरची टेंडन हे फक्त यातच नीट दिसतं. साध्या टेंडनच्या इजेला कॉन्ट्रास्टचं (चित्र उठून दिसायला देतात त्या औषधाचं) इंजेक्शन बहुतेक लागत नाही, कोणी सुचवलं तर कशासाठी हे विचारा.

बुकिंग करताना जागा नीट सांगा. अँकलच्या एमआरआयमध्ये ठरावीक भागच येतो. पोटरीत वरच्या बाजूला दुखत असेल तर ती जागा फिल्मवर येतच नाही, आणि बाहेरचं लांब पेरोनियल टेंडन घोट्यामागून तळपायाखालून अंगठ्याच्या मुळापर्यंत जातं, ते तळपायात फाटलं असेल तर नुसत्या घोट्याच्या तपासणीत सुटू शकतं. इथे तुमचा पेनाच्या खुणेवाला फोटो कामी येतो, टेक्निशियन त्या जागेवर खुणेची गोळी चिकटवू शकतो. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन पुरेसं आहे, ३ टेस्लावर अजून बारीक दिसतं, पण घोट्याची वेगळी कॉइल, म्हणजे पायाभोवती बसवतात तो सिग्नल पकडणारा साचा, आहे का हे टेस्लापेक्षा आधी विचारा.

आत जाताना पैंजण, जोडवी, मंगळसूत्र, साडीच्या पिना, केसातल्या क्लिपा, मोबाईल, एटीएम कार्ड सगळं बाहेर. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, जुन्या ऑपरेशनची प्लेट किंवा स्क्रू, हे लपवू नका आणि जुने कागद सोबत न्या. हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंग ग्राइंडिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे आवर्जून सांगायचं, चुंबकात तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांना दिलासा हा की पाय आधी आत जातात, डोकं बहुतेक वेळा बाहेर किंवा तोंडाशीच राहतं. २० ते ४० मिनिटं पाय हलवायचा नाही, आवाज मोठा असतो, इअरप्लग मागा.

एमआरआयलाही चकवा आहे. चुंबकाच्या मुख्य दिशेशी टेंडन साधारण ५५ अंशात आलं की काही चित्रांमध्ये ते उगाच पांढरं दिसतं, जणू आत इजा आहे. घोट्यामागून वळणाऱ्या टेंडनमध्ये हे नेहमीचं. रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तोच भाग ताडून पाहतात, तिथे काळा दिसला तर टेंडन ठीक.

सीटी स्कॅन टेंडनसाठी क्वचितच लागतो, उंचावरून पडून टाचेचं हाड मोडलं असेल तेव्हा मात्र हाडाच्या तुकड्यांत टेंडन अडकलं का हे त्यात कळतं.

सरकारी दवाखान्यात करायचं असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समध्ये आधी ऑर्थोच्या ओपीडीत दाखवून चिठ्ठी घ्यावी लागते. खर्च कमी पण एमआरआयला तारीख मिळते, तेव्हा एक्स-रे आणि सोनोग्राफी तोवर उरकून घ्या. ऑपरेशन निघालं तर आरोग्यमित्राच्या (सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्याच्या) टेबलावर रेशनकार्ड घेऊन त्या योजनेबद्दल विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून जरा सावकाश वाचा. "टेंडिनोसिस" म्हणजे टेंडन झिजलंय, जाड झालंय, फाटलेलं नाही. "टेनोसिनोव्हायटिस" म्हणजे टेंडनभोवतीच्या आवरणात पाणी आणि सूज. "पार्शल टियर" म्हणजे अर्धवट, "फुल थिकनेस" किंवा "कम्प्लीट" म्हणजे आरपार, आणि तिथे "रिट्रॅक्शन" किंवा "गॅप" किती सेंटीमीटर हा आकडा महत्त्वाचा. "लाँगिट्यूडिनल स्प्लिट" म्हणजे टेंडन आडवं तुटलेलं नाही, उभं चिरलं आहे, पेरोनियलमध्ये हे जास्त दिसतं. "सब्लक्सेशन" म्हणजे जागेवरून सरकतंय.

आता परत ते बोट काढा. रिपोर्टमधला प्रत्येक दोष तुमच्या दुखण्याच्या जागेवर आहे का ते पहा. अंगठ्याच्या टेंडनच्या आवरणात पाणी असं लिहिलेलं असतं, पण त्या आवरणाचा घोट्याच्या सांध्याशी रस्ता अनेकांमध्ये जन्मापासून उघडा असतो, थोडं पाणी तिथे असायचंच. आतल्या बाजूला टिबियालिस पोस्टिरियर हाडाला जिथे चिकटतं तिथे ते पंख्यासारखं पसरतं आणि चांगल्या पायातही जरा विस्कटलेलं दिसतं. टाचेचं हाड वाढलंय असंही बऱ्याचदा येतं, आणि ते न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत असतं. पेरोनियलमधली छोटी उभी चीरसुद्धा काहीच त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्ये सापडते. तुम्हाला मागून दुखतंय आणि चीर बाहेरच्या बाजूला आहे, तर त्या चिरेचं ऑपरेशन करून मागचं दुखणं जाणार नाही, हे इतकं सरळ आहे पण रिपोर्ट पाहून घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही.

उलटही होतं. रिपोर्ट नॉर्मल आणि टाच उचलून एका पायावर उभं राहता येत नाही, तर पायावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगा, गरज पडली तर रेडिओलॉजिस्टशी फोनवर बोलायला सांगा. चांगले डॉक्टर याचं वाईट वाटून घेत नाहीत. दुसरं मत घ्यायचं तर रिपोर्टचा कागद नाही, चित्रं लागतात, म्हणून सीडी किंवा लिंक मागून घ्या.

बरं होत असताना दर दोन महिन्यांनी एमआरआय काढू नका. फाटलेलं अकिलीस भरून आलं तरी ते महिनोन् महिने जाड आणि रंगाने वेगळं दिसतं, ताकद परत आलेली असते आणि चित्र मात्र आजारी दिसत राहतं. एका पायावर किती वेळा टाच उचलता येते हे मोजत राहा, तो आकडा वाढत असेल तर तपासणी पुन्हा करायची गरज नाही. पुन्हा झटका बसला, अचानक ताकद गेली, किंवा ऑपरेशनची जागा लाल होऊन गरम झाली तर मात्र लगेच.

आणि फिल्म गाडीच्या डिकीत ठेवू नका. आजकालच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, मे महिन्याच्या आपल्या उन्हात त्या काळ्या पडतात आणि मग सर्जनला दाखवायला काही उरत नाही. घरी आल्या आल्या फिल्मचे फोटो काढा आणि सीडी कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.